बिबट्याचा फोटो : जाळीआडचा, रानातला आणि गावच्या ग्रुपवर फिरणारा

माळावरचा कॅमेरा | शनिवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचत आलोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. कारण मन लागत नाहीये.

मागच्या महिन्यात चुलतभावाच्या लग्नाला पुण्याला गेलो होतो. एक सकाळ मोकळी मिळाली म्हणून कात्रजच्या राजीव गांधी प्राणीसंग्रहालयात गेलो. सोबत लांबचं टिपणारी ७०-३०० एमएम लेन्स होती. बिबट्या लाकडी ओंडक्यावर पसरला होता, मागे वाळकं गवत, वर ऊन-सावली. तासभर उभा राहिलो. एका क्षणाला त्याने मान वळवून थेट माझ्याकडे बघितलं आणि तेवढ्यात बटण दाबलं गेलं. जाळी पूर्ण विरघळली होती, एक तारसुद्धा दिसत नव्हती. आजवर काढलेल्या फोटोंमध्ये मला सगळ्यात आवडलेला हा फोटो. घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली एवढंच लिहिलं, "बघा कसा बसलाय!"

पाचव्या दिवशी मावशीचा फोन. तिचं गाव उत्तर सोलापुरात. म्हणाली, "अरे, नान्नजच्या बाजूला बिबट्या निघालाय. तुझा काका रात्री कांद्याला पाणी द्यायला जायचा, त्याला जाऊ दिलं नाही. तूही गाडीवर एकटा येऊ नको." आणि तिने मला तो फोटो पाठवला. माझाच. वर लाल अक्षरांत "नान्नज परिसरात बिबट्याचे दर्शन, रात्री घराबाहेर पडू नये".

दोन रात्री त्या गावात कुणी शेतावर गेलं नाही. कुणाचा कांदा सुकला, कुणाचा गहू. घरच्या ग्रुपवरून तो कुठल्या ग्रुपवर गेला आणि लाल अक्षरं कुणी घातली, ते कळायला मार्ग नाही. पण "कात्रजचा आहे" हे दोन शब्द मी लिहिले असते तर हे घडलं नसतं, एवढं मला पक्कं कळतंय.

म्हणून विचारतोय. तुम्ही बिबट्याचे फोटो काढता, पिंजऱ्यातले किंवा रानातले, तेव्हा काय काळजी घेता? आणि काढायचे तरी कसे? दोन्ही बाजूंनी मोकळेपणाने लिहा.


सीनाकाठचा शेतकरी | शनिवार, रात्री ९.४२

दादा, तुमची चूक जाणूनबुजून नाही हे समजतं. पण आमच्याकडं बिबट्या ही अफवा नाही, हे शहरातल्या माणसानं ध्यानात घ्यावं. २०२० च्या डिसेंबरात करमाळा तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, शेवटी त्याला गोळी घालावी लागली. तेव्हापासून बायकामाणसं सरपणालासुद्धा घोळक्यानं जातात.

मोटारीची थ्री फेज लाईट रात्री येते. पाण्याची दारं धरायला माणूस एकटा, एका हातात खोरं, दुसऱ्या हातात बॅटरी. वाकून काम करणारा माणूस बिबट्याला उंचीनं जनावरासारखाच दिसतो. असल्या टायमाला मोबाइलवर फोटो आला की कोण विचारतो खरा का खोटा? सविस्तर उद्या लिहितो, आत्ता पाण्याची पाळी आहे.


पेठेतली लेक | शनिवार, रात्री १०.१५

मी मूळची सोलापूरची, आता पुण्यात. कात्रजला वर्षातून दहा-बारा वेळा तरी जाते, म्हणून जाळीपुरतं लिहिते. (बुधवारी बंद असतं, सोलापूरहून येणाऱ्यांनी आधी वार बघा.)

जाळी "विरघळते" ती नशिबाने नाही. लेन्सजवळची वस्तू फोकसच्या फार बाहेर गेली की तिचा नुसता धूर होतो. त्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. लेन्स लांबची हवी, २०० किंवा ३०० एमएम. छिद्र पूर्ण उघडं हवं, लेन्स देईल तितकं, एफ ४ असो की ५.६. आणि जनावर जाळीपासून बऱ्यापैकी मागे हवं. बिबट्या जाळीला घासून फेऱ्या मारत असेल तर कॅमेरा खाली ठेवा, तो फोटो होणार नाही. मागच्या ओंडक्यावर गेला की उचला.

सगळ्यात मोठी गोष्ट मात्र कुणी सांगत नाही, ती म्हणजे जाळीवर पडणारं ऊन. उन्हातली तार चमकते आणि तो धूर पांढरा होऊन अख्ख्या फोटोवर पसरतो, रंग दुधात बुडवल्यासारखे दिसतात. सावलीतली तार काळी, ती गायब होते. म्हणून पिंजऱ्याच्या ज्या बाजूची जाळी सावलीत असेल तिथेच उभं राहायचं, मग तिथून बिबट्याची पाठ का दिसेना. वाट बघा, तो वळतो.

लेन्स जाळीला टेकवली की काम सोपं होतं असं लोक सांगतात. टेकवता येत नाही आणि टेकवायचीही नाही. पिंजऱ्याच्या अलीकडे जो कठडा असतो तो ओलांडून हात पुढे करणारे मी पाहिलेत. बिबट्याचा पंजा जाळीतून किती बाहेर येतो ते एकदा तिथल्या रखवालदाराला विचारा.

फोकससाठी एकच बिंदू निवडा आणि तो डोळ्यावर ठेवा. सगळे बिंदू चालू ठेवले तर कॅमेरा जाळीच पकडतो. तरी पकडत राहिला तर हाताने फोकस करा, बसलेल्या बिबट्याला ते सहज जमतं.


उजेड | रविवार, सकाळी ७.०५

ताई, काचेआडच्या बिबट्याचं काय? माझ्याकडे मोबाइलच आहे, कॅमेरा नाही. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.


पेठेतली लेक | रविवार, सकाळी ७.३०

मोबाइलला काच उलट सोपी. मोबाइल काचेला अलगद चिकटवून धर, म्हणजे मधे प्रतिबिंब यायला जागाच राहत नाही. बाकीचं प्रतिबिंब आपल्या मागच्या उजेडाचं असतं, ते अडवायला गडद कापड लागतं. मी घरून काळ्या-निळ्या वाणाची सोलापुरी चादर नेते. एकाने मागे दोन्ही हातांनी पसरून धरायची, दुसऱ्याने फोटो काढायचा. पांढरा शर्ट घालून जाऊ नकोस, काचेत आधी तोच दिसतो. काच जाड असेल तर फोटोला हिरवट झाक येते, ती घरी येऊन टिंटची पट्टी हिरव्याकडून किरमिजीकडे सरकवून काढता येते.

फ्लॅश बंद. काचेवर तो परत तुझ्याच डोळ्यांवर येतो हे एक, आणि अंधाऱ्या खोलीत झोपलेल्या जनावराच्या तोंडावर दिवसातून शंभर वेळा वीज चमकवायची नाही हे दुसरं.


होटगी रोड | रविवार, सकाळी ८.५०

माझं मत थोडं कडू वाटेल, तरी लिहितो. पिंजऱ्यातल्या बिबट्याचा फोटो हा वन्यजीव फोटो नव्हेच. मी बारा वर्षं जंगलं फिरतोय. ताडोबा, पेंच, सातपुडा धरून बिबट्या नीट दिसला तो चार वेळा. त्यातले दोन फोटो हललेले, एकात नुसती शेपूट. चौथा फोटो मी घरात लावलाय, तोही कुणी बक्षीस देईल असा नाही. पण त्याच्यामागे माझ्या अकरा पहाटा आहेत. तिकीट काढून आत जायचं, ओंडक्यावर बसलेला बिबट्या टिपायचा आणि "वाइल्ड लाइफ" म्हणून टाकायचा, याला माझा विरोध आहे.

आणि हा प्रश्न नुसत्या गावच्या ग्रुपपुरता नाही. २००९ साली वन्यजीव छायाचित्रणाच्या जगातल्या एका सर्वांत मानाच्या स्पर्धेत कुंपणावरून झेप घेणाऱ्या लांडग्याचा फोटो पहिला आला होता. पुढच्याच वर्षी बक्षीस काढून घेतलं, कारण तो लांडगा माणसाळवलेला असल्याचा निष्कर्ष परीक्षकांनी काढला. नान्नजच्या माळावर लांडग्यामागे पायपीट केलेल्या कुणालाही त्या बातमीने काय वाटलं असेल, सांगायला नको.


टिटवी | रविवार, सकाळी १०.२०

@होटगी रोड, निम्मं पटलं. पिंजऱ्यातला फोटो रानातला म्हणून टाकणं ही फसवणूक, यात वाद नाही. पण पिंजऱ्यातला फोटो काढूच नये हे मला मान्य नाही.

मी बिबट्या पहिल्यांदा बघायला शिकले ती प्राणीसंग्रहालयातच. रानात तो तीन सेकंद दिसतो. त्या तीन सेकंदांत कान मागे गेलेत की पुढे, शेपटीचं टोक कसं हलतंय, हे काहीच कळत नाही. पिंजऱ्यासमोर दोन तास बसून हे बघता येतं. आणि आणखी एक गोष्ट दिसते, जी कॅमेऱ्यात मुद्दाम टाळली जाते. काही जनावरं एकाच वाटेने सारख्या फेऱ्या मारत राहतात, जाळीलगत माती झिजून पायवाट पडलेली असते. कुणाच्या नाकावर जाळी घासून झालेली जखम असते, कुणाचे सुळे तुटलेले असतात. हे फोटो काढायला हवेत. जाळी धूसर न करता, जाळीसकट.

जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे. तिथल्या बिबट्यांपैकी बरेच परत रानात सोडता येत नाहीत. ते तिथे का आहेत याची गोष्ट फोटोखाली लिहिली, तर तो फोटो माझ्या लेखी रानातल्या फोटोपेक्षा कमी नाही.


ज्वारीची भाकरी | रविवार, सकाळी १०.४१

टिटवीताईंना अनुमोदन. जाळीसकट फोटो काढण्याचं कधी सुचलंच नव्हतं.


जयपूरवासी सोलापूरकर | रविवार, दुपारी १.१५

नोकरीमुळे सहा वर्षं जयपूरला आहे. इथे शहराच्या कुशीत झालाना म्हणून बिबट्यांचं राखीव जंगल आहे, जेमतेम २० चौ. किमी. वाघ नाही, त्यामुळे बिबट्या मोकळा वावरतो, भर दुपारीही दिसू शकतो. ताडोबासारख्या जंगलात तो वाघाला बिचकून राहतो, म्हणून होटगी रोड यांचे अकरा दिवस. बिबट्याच बघायचा असेल तर वाघ नसलेलं जंगल निवडा, एवढं साधं आहे. पाली जिल्ह्यात जवाई धरणाच्या भोवती ग्रॅनाइटच्या टेकड्या आहेत, त्यांच्या गुहांमधून बिबटे राहतात आणि त्याच टेकड्यांच्या पायथ्याशी रबारी लोक शेळ्या-मेंढ्या चारतात.

आता माझ्या चुका, तुमच्या कामी याव्यात म्हणून. पहिल्या वेळी शटर १/१२५ सेकंदावर ठेवलं होतं. बिबट्या चालताना किती हलतो ते घरी आल्यावर समजलं. आता १/५०० च्या खाली जात नाही, पहाटे आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० किंवा ६४०० करावा लागला तरी करतो. दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही चालत. दुसरं, झाडाखालच्या कवडशांत त्याच्या अंगावरच्या ठिपक्यांनी कॅमेऱ्याचा फोकस भरकटतो, पुढचं पानच पकडतो.

जीपमध्ये तिवई (ट्रायपॉड) उपयोगाची नाही. लेन्स टेकवायला बीन बॅग लागते, आणि ती मी मागच्या दिवाळीत सोलापूरहून मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी भरून आणली. वाळू जड पडते आणि गळते, थर्माकोलचे दाणे हलतात, कुरकुरतात. ज्वारी लेन्सच्या आकाराला बसते आणि गप्प राहते. विमानात रिकामी पिशवी न्यायची, तिथे पोचून दाणे भरायचे.


होटगी रोड | रविवार, दुपारी १.५०

मालदांडीची बीन बॅग! उद्याच शिवून घेतो.

काळ्या बिबट्याचंही सांगून टाकतो, कारण तो बघायला कर्नाटकातल्या काबिनीला जायचा बेत दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं. ती वेगळी जात नाही, आपलाच बिबट्या, फक्त कातडीत काळा रंग जास्त. उन्हात तिरपा उजेड पडला तर आतली ठिपक्यांची फुलं दिसतात. कॅमेऱ्याला मात्र काळं जनावर दिसलं की तो अंधार समजून उजेड वाढवतो आणि फोटो राखाडी होतो. एक्स्पोजर एक पायरी खाली ओढायचं.


जुना वनरक्षक | रविवार, सायंकाळी ६.३०

नमस्कार. नोकरी जंगल खात्यात झाली, आता निवृत्त. फोटोग्राफीतलं मला कळत नाही, पण फोटो काढणाऱ्यांमुळे काय होतं ते बघितलंय.

बिबट्या विहिरीत पडतो. आपल्याकडच्या विहिरींना कठडा नसतो, रात्री कुत्र्यामागे धावताना जातो आत. सकाळी कुणीतरी बघतो आणि तासाभरात पाचशे माणूस. आम्ही दोरांना बाज बांधून खाली सोडतो. दमलेला बिबट्या पोहून पोहून तिच्यावर चढून बसतो, मग पिंजरा सोडायचा. काम फार अवघड नाही. अवघड करतात ती माणसं. वर आरडाओरडा चालू असला की तो पिंजऱ्यात जायला तयार होत नाही, पाण्यातच राहतो. एकदा एक पोरगा मोबाइल धरून इतका ओणवा झाला की मागून त्याचा पट्टा धरून ओढावा लागला. बिबट्या सोडताना त्याला पळायला एक बाजू मोकळी लागते. लोक नेमके त्याच बाजूला उभे राहतात, कारण तिथून तोंड चांगलं दिसतं. मग तो माणसांच्या अंगावरून जातो आणि दुसऱ्या दिवशी बातमी, "बिबट्याचा हल्ला".

फोटो काढायचाच असेल तर लांब, झाडावर किंवा घराच्या माडीवर चढून काढा. तिथून चांगला येतो असं ऐकतो.

दुसरं पिल्लांचं. ऊसतोड चालू असताना फडात पिल्लं सापडतात. मादीला ऊस म्हणजे जंगलच, तिथंच विते. टोळीतली पोरं पिल्लू मांडीवर घेऊन फोटो काढतात. ते जीवाला धोक्याचं आहे, आई जवळच्याच फडात असते. सापडली की काम थांबवायचं, लांब व्हायचं आणि १९२६ ला फोन लावायचा, हा जंगल खात्याचा नंबर आहे. संध्याकाळी पिल्लं त्याच जागी टोपलीत किंवा खोक्यात ठेवली की बहुतेक वेळा आई रात्रीतून उचलून नेते. एक एक करून नेते. जुन्नरकडे असं कितीतरी वेळा जमवलंय. आणि ते फोटो काढतात ते कॅमेरा झाडाला बांधून, माणूस एकही नसतो.


माळावरचा कॅमेरा | रविवार, सायंकाळी ७.१२

वनरक्षक काका, लिहिलंत फार बरं झालं. हे कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं.

@टिटवी, झाडाला बांधायच्या कॅमेऱ्याबद्दल सांगाल का? मावशीच्या गावात खरंच बिबट्या आहे की नाही हे त्यातून कळू शकेल का?


टिटवी | रविवार, रात्री ९.००

कळू शकेल, पण आपण आपल्या मनाने बांधायचा नाही. वनजमिनीत परवानगीशिवाय नाहीच, आणि खासगी रानातही मालकाला व वनखात्याला सांगूनच. बिबट्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्या मागावर गुपचूप कॅमेरे लावणं चांगलं दिसत नाही.

काम कसं चालतं ते सांगते. समोरून उष्ण अंग हललं की संवेदक ओळखतो आणि कॅमेरा आपोआप फोटो काढतो. माणसाच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधतात. वाटेच्या दोन्ही बाजूंना, समोरासमोर दोन. कारण बिबट्याच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरची फुलं वेगवेगळी असतात आणि कुठल्याही दोन बिबट्यांची सारखी नसतात. एकच कूस मिळाली तर कधी कधी एकच जनावर दोन म्हणून मोजलं जातं. अवरक्त (इन्फ्रारेड) उजेडात तर काळ्या बिबट्याचीही फुलं दिसतात, म्हणून तोही ओळखता येतो.

असेच फोटो मोजून २०२२ चा देशाचा आकडा निघाला, १३,८७४. महाराष्ट्रात १,९८५, मध्य प्रदेशच्या खालोखाल. गणना मुख्यतः वाघांच्या राज्यांमधल्या जंगलांत झाली. आपल्या भीमा-सीनेच्या उसातला बिबट्या त्यात फारसा येत नाही, हे आकडा वाचताना लक्षात ठेवायला हवं.

कॅमेऱ्याआधी ठसा बघा. बिबट्याचा गोलसर, साधारण ७-८ सेंटिमीटर रुंद, नखं उमटत नाहीत कारण तो चालताना ती आत ओढून घेतो. तरस, लांडगा, कुत्रा यांची नखं उमटतात. आपल्याकडे "बिबट्या दिसला" म्हणून आलेले निरोप तपासले की पुष्कळदा तरसाचा ठसा निघतो, नाहीतर रानमांजराचा. ठशाशेजारी पेन किंवा नाणं ठेवून वरून सरळ फोटो काढला तर कुणालाही तो घरबसल्या ओळखता येतो. उजेड, हे तुझ्या मोबाइलवर उत्तम होईल. आणि त्याचा उपयोग बिबट्याच्या फोटोपेक्षा जास्त आहे.


सीनाकाठचा शेतकरी | सोमवार, सकाळी ६.५०

काल राहिलं होतं ते लिहितो.

माझ्या आजोबांच्या वेळी आमच्या भागात बिबट्या ऐकिवात नव्हता. सगळा माळ. माळढोक, हरणं, लांडगे. उजनीचं पाणी आलं, ऊस आला. दहा-बारा महिने उभा, आत गारवा, उंदीर-डुकरं-कुत्री, कुणी आत जात नाही. बिबट्याला आणखी काय पाहिजे? म्हणजे त्याला आम्हीच जागा करून दिली. मी त्याच्यावर चिडून नाही. ऊसतोड सुरू झाली की त्याचं घर जातं, मग तो फिरतो आणि वस्तीवर दिसतो. तोडणीच्या महिन्यांत निरोप जास्त येतात ते याच्यामुळं.

मी स्वतः दोनदा बघितलाय. पहिल्यांदा पहाटे, कॅनॉलच्या भरावावर. टिटवी ओरडायला लागली, कुत्री एकदम गप झाली आणि दावणीची म्हैस उभी राहिली. मी बॅटरी मारली तर दोन डोळे हिरवट पेटले. तो उठला, आळोखेपिळोखे दिले आणि सावकाश खाली उतरून उसात गेला. पळाला नाही. मोबाइल खिशात होता, हात गेला नाही. हात गेला असता तर मला वाटतं मी नीट उभा राहिलो नसतो.

दुसऱ्यांदा नुसता आवाज. लाकूड करवतीनं कापावं तसा, खरर-खरर. रात्रभर झोप नाही.

तुम्हा फोटोवाल्यांना विनंती. खरा बिबट्या आमच्या भागात दिसला आणि तुम्हाला फोटो मिळाला, तर गट नंबर, गावाचं नाव टाकू नका. दुसऱ्या दिवशी मोटारसायकलींची रांग लागते. कुणी कोंबडी बांधतो, कुणी रात्री गाडीचे दिवे उसात मारतो. बिबट्या बिथरतो आणि त्याचा ताप आम्हाला होतो.


उजेड | सोमवार, सकाळी ८.१५

काका, वाचून अंगावर काटा आला.

एक प्रश्न. गावाचं नाव नाही लिहिलं तरी फोटोत जागा लपलेली असते ना? मोबाइल तर आपोआप अक्षांश-रेखांश भरतो.


पेठेतली लेक | सोमवार, सकाळी ९.२०

चांगला मुद्दा काढलास. लोकेशन चालू असेल तर भरतो. व्हॉट्सॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की ही माहिती गळून पडते. तोच फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवला तर सगळी तशीच जाते. म्हणून रानातला फोटो डॉक्युमेंट करून कुणालाही देऊ नये, आणि कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंदच ठेवावं.

गंमत म्हणजे पिंजऱ्यातल्या फोटोला याच्या बरोबर उलट लागतं. माळावरचा कॅमेरा यांच्या फोटोतल्या लपलेल्या माहितीत "कात्रज" असतं तरी ते ग्रुपवर गळूनच गेलं असतं. फोटोखाली वेगळा मजकूर लिहिला तर पुढे पाठवणारा तो काढू शकतो. म्हणून मी आता फोटोवरच, बिबट्याच्या अंगाला चिकटून, लहान अक्षरांत जागा आणि तारीख घालते. कोपऱ्यात घातली तर कापून टाकतात. फोटो थोडा खराब दिसतो, हे मान्य.


होटगी रोड | सोमवार, सकाळी ९.५५

फोटो खराब दिसायला माझी हरकत असायची. या धाग्यानंतर नाही.

ग्रुपवर आलेला फोटो तपासायचा असेल तर आधी ठिपके बघा. फुलाच्या आत आणखी ठिपके असतील तर तो बिबट्या नाहीच, दक्षिण अमेरिकेतला जॅग्वार आहे. भरीव सुटे ठिपके आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ असेल तर चित्ता. आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर "हत्तुरे वस्तीजवळ दिसला" म्हणून जॅग्वार आला होता. मागे सरळ कापलेले ओंडके, सिमेंटचा चौथरा, छाटलेलं गवत दिसलं तर पिंजरा.


जुना वनरक्षक | सोमवार, दुपारी १२.०५

बिबट्या उचलून लांब नेऊन सोडला की प्रश्न मिटतो असं गावाला वाटतं, आणि असले फोटो फिरले की पिंजरा लावा म्हणून मोर्चा येतो. २००९ मध्ये नगर जिल्ह्यात विहिरीतून काढलेला एक म्हातारा नर गळ्यात ठावठिकाणा कळवणारा पट्टा घालून माळशेज घाटात सोडला होता, अभ्यासकांनी त्याचं नाव आजोबा ठेवलं. महिनाभरात तो साधारण १२० किलोमीटर चालून मुंबईच्या कडेला गेला. वाटेत गावं, हमरस्ते, रेल्वे. कुणालाही इजा केली नाही. २०११ मध्ये रस्ता ओलांडताना गाडीखाली गेला. तेव्हा लांब सोडलं म्हणजे तो तिथंच राहील, हे डोक्यातून काढा. खोट्या फोटोवरून पिंजरा लावला तर जो बिबट्या गपचूप राहतोय तोच आत अडकतो, आणि त्याच्या जागी दुसरा येतो.


टिटवी | सोमवार, दुपारी १२.४०

काकांच्या या मुद्द्याला सगळ्यात जास्त लोकांपर्यंत न्यायला हवं. मी याची चित्रं काढून शाळांसाठी चार पानं करते आहे. कुणी मदत करणार असेल तर निरोप टाका.


माळावरचा कॅमेरा | मंगळवार, रात्री १०.३०

आज संध्याकाळी मावशीच्या गावी जाऊन आलो. सोबत लॅपटॉप नेला होता. पारावर पंधरा-वीस जण जमले. त्या दिवशी काढलेले सगळे १४० फोटो एकामागून एक दाखवले. पहिल्या काही फोटोंत जाळी स्वच्छ दिसते, मग हळूहळू ती पुसट होते आणि शेवटी "तो" फोटो येतो. एका आजींनी मला दोनदा मागे न्यायला लावलं. "जाळी होती तर तू का झाकलीस?" असं विचारलं. मी म्हणालो, फोटो चांगला दिसावा म्हणून. त्या काही बोलल्या नाहीत, मान हलवली आणि परत जाळीवालाच फोटो बघत बसल्या.

मी सगळ्यांसमोर माफी मागितली. एक जण रागावून उठून गेला, त्याचा अर्ध्या एकराचा कांदा गेला होता. काकांनी त्याला थांबवलं नाही, मीही नाही.

नंतर दोन तरुण मुलांनी ओढ्याकाठी नेलं. ओल्या मातीत ठसा होता. टिटवीताईंनी सांगितल्याप्रमाणे शेजारी पेन ठेवून वरून फोटो काढला. चार बोटं, पुढे नखांच्या टोचा स्पष्ट, पंजा पुढून रुंद. खाली जोडतोय. मला तरस वाटतोय, पण जाणकारांनी सांगावं. जागा मुद्दाम लिहिली नाही.

कात्रजचा तो फोटो आता जाळीवाला आणि बिनजाळीचा असे दोन्ही शेजारी शेजारी लावून, मधोमध "कात्रज प्राणीसंग्रहालय, पुणे" असं लिहून घरच्या ग्रुपवर परत टाकलाय. मावशीने तो गावच्या ग्रुपवर पाठवला. काका आज रात्री पाण्याला गेलेत, सोबत शेजारचा मुलगा आहे.


टिटवी | मंगळवार, रात्री १०.५२

तरसच. पुढचा पंजा मागच्यापेक्षा बराच मोठा असतो, मागचा ठसाही जवळपास असेल तर तोही काढून ठेवा. उद्या सकाळी, ऊन वर यायच्या आत. सावली तिरपी असते तेव्हा नखं नीट उमटलेली दिसतात.


सीनाकाठचा शेतकरी | मंगळवार, रात्री ११.२०

गेलात ते चांगलं केलंत दादा. काकांना म्हणावं, बॅटरीबरोबर मोबाइलवर रेडिओ मोठ्यानं लावून ठेवा आणि दारं बदलताना वाकायच्या आधी चारी बाजूला बॅटरी फिरवा. आमची लाईट आत्ताच आली, निघतो.